उलटं टांगलेलं झाड

माझ्या सुनेचा आगाऊपणा मला नवा नव्हता. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात तिनं माझ्या स्वयंपाकघरातले डबे हलवले होते, तेही न विचारता. पण ती माझ्या नवऱ्याचं झाड उपटून उलटं टांगील, असं मला स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं.

पौष महिना होता. थंडी मी म्हणत होती. आंघोळ करून तुळशीला पाणी घातलं, तांब्या पुन्हा भरला आणि पुढच्या अंगणात आले, तर रोपवाटिकेच्या ऑफिससमोरची मोठी सिमेंटची कुंडी रिकामी. आत नुसता खड्डा. कडेला काळी, चिकट माती उपसून टाकलेली.

"ऊर्मिला!"

"इकडं आहे, आत्या." आवाज कलमांच्या शेडमधून आला. आमच्याकडं सासूला आत्या म्हणायची रीत आहे. तेवढी एक रीत तिनं पाळली होती.

शेडच्या दारातच माझे पाय थांबले. वरच्या आडव्या पाइपाला झाड लटकत होतं. डोकं खाली, मुळं वर, खाटकाच्या दुकानात बोकड टांगावा तसं. आणि बांधलं होतं कशानं? माझं हिरवं लुगडं फाडून काढलेल्या पट्टीनं. बुंध्याचा वाटीएवढा लचका कापून काढलेला होता आणि त्या जखमेवर हळद फासलेली होती. सून खाली पोत्यावर बसून सुरी पुसत होती. दोन्ही हातांना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधलेल्या, कारण या झाडाचा चीक विषारी असतो.

"काय केलंस हे?"

"कुजलं होतं, आत्या. काल अंगठ्यानं दाबून बघितलं तर बुंधा लोण्यासारखा आत गेला."

"मग मला विचारायचं नाही?"

"तुम्ही नको म्हणाला असता."

"अगं, म्हणून तर विचारायचं असतं! मनोहर कुठाय?"

"ते पहाटेच रोपं घेऊन पुण्याला गेलेत."

"म्हणजे नवऱ्यालाही विचारलं नाहीस."

"त्यांना विचारलं असतं तर ते म्हणाले असते, आईला विचार."

हे मात्र खरं होतं. माझा मुलगा गरीब गाय. त्यामुळं मला आणखीच राग आला.

त्या झाडाचं नाव अडेनियम. आता गल्लोगल्ली झालंय, पण आमच्या मालकांनी आणलं तेव्हा सोलापूर रस्त्यावरच्या कुठल्या रोपवाटिकेत ते कुणी पाहिलं नव्हतं. मी चौथी शिकलेली. आफ्रिका कुठं आहे ते मला त्या झाडामुळं कळलं. मालक मला सांगायचे, "तिकडं आठ-आठ महिने पाऊस नसतो. म्हणून हे पोटात पाणी साठवून ठेवतं. याला जो लाडानं पाणी पाजील, तो याचा वैरी." आणलं तेव्हा करंगळीएवढं होतं. बावीस वर्षांत त्याचं पोट घागरीसारखं सुटलं. मालक स्वतः काडीसारखे, आणि झाडाला पोट. मी म्हणायची, "तुम्हाला घातलेलं सगळं यालाच लागलं वाटतं."

फुलं गुलाबी, कडेला गडद, जणू कुणी ओठ रंगवलेत. आमच्या रोपवाटिकेतून गेलेलं एकूण एक अडेनियम याच्याच फांदीचं कलम. शेंगा धरल्या की त्या जोडीनं येतात, बैलाच्या शिंगांसारख्या. तडकल्या की बी म्हातारीच्या कापसासारखं उडून जातं. म्हणून मालक प्रत्येक शेंगेला काळा दोरा गुंडाळायचे. दोरा माझ्या शिवणाच्या डब्यातला. मीही विचारत नव्हते, तेही विचारत नव्हते. नवरा-बायकोचं तसं चालतं, सासू-सुनेचं नाही चालत.

मालक दिवाळी झाली आणि गेले. त्यांना जाऊन दोन महिने झाले होते. घरात त्यांचं म्हणावं असं एवढंच उभं होतं, आणि तेही आता उलटं लटकत होतं.

आरडाओरडा ऐकून कामाच्या बाया शेडच्या दारात गोळा झाल्या. आमच्याकडं पाणी द्यायचं काम शेवंताकडं होतं. सतरा वर्षं ती आमच्याकडं राबत होती.

"शेवंता," मी म्हटलं, "थंडीत या झाडाला पाण्याचा थेंब नको, हे तुला किती वेळा सांगायचं?"

शेवंताचं तोंड उतरलं. "अक्का, माझ्या लेकरांची आण. मी त्या कुंडीला कधी नळी दाखवली नाही. मालक असताना दाखवली नाही, ती आता दाखवीन?"

"मग झाड काय पायांनी चालत हौदावर गेलं होतं?"

दोघी-तिघी फिसकन हसल्या. शेवंता हसली नाही. तिनं पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, "विश्वास नसला तर उद्यापासून येत नाही मी, अक्का."

तेवढ्यात ऊर्मिला उठली. हाताच्या पिशव्या सोडता सोडता तिनं एकदा माझ्या हातातल्या तांब्याकडं पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली.

"आत्या, मावशींना बोलू नका. चूक माझी आहे. गुलाबांना पाणी सोडलं आणि नळी कुंडीत विसरले. दोन-तीनदा झालं तसं."

मग काय, मी तोंड सोडलं. शेतकी कॉलेजात हेच शिकवलं का, म्हटलं. कागदावर शिक्का मारून घेतला म्हणजे झाडं ओळखायला येत नाहीत, म्हटलं. तुझ्या माहेरी बाभळीशिवाय काही उगवत नाही, तुला फुलाचं काय कळणार, हेही म्हटलं. तिचं माहेर नगरकडचं, दुष्काळी. सगळ्या बायांसमोर म्हटलं. तिनं मान खाली घालून ऐकून घेतलं. ती उलटून बोलली नाही याचं मला त्या वेळी नवल वाटायला हवं होतं.

जाताना हातातला तांब्या मी जास्वंदीच्या बुडाशी रिकामा केला.

मग सुरू झालं वाट पाहणं. ऊर्मिला म्हणाली, जखम पुरती वाळेपर्यंत झाड असंच टांगलेलं राहील. चौदा दिवस तरी.

"चौदा दिवस? पाण्यावाचून?"

"पाण्यावाचून, मातीवाचून."

"आणि जगेल?"

"कूज आत राहिली नसेल तर जगेल. राहिली असेल तर नाही. आत्ता काही सांगता येत नाही, आत्या."

रोज सकाळी मी शेडमध्ये जाऊन बघायची. चौथ्या दिवशी बुंध्याला सुरकुत्या पडल्या, माझ्या कोपराला आहेत तशा. पाचव्या दिवशी हात लावला तर कातडं सैल लागलं. मालकांच्या दंडाला शेवटी शेवटी तसंच लागायचं.

"नुसतं शिंपड गं जरा."

"नाही."

"ओलं फडकं तरी गुंडाळ."

"नाही, आत्या."

"वाळून मरेल ते!"

"वाळून नाही मरणार. ओलं राहिलं तरच मरेल."

सहाव्या दिवशी गेले, तर शेडला कुलूप. माझ्या घरच्या शेडला, माझ्याच पेटीचं कुलूप.

"हे काय?"

"मांजरं शिरतात, आत्या."

"मांजरं विषारी चीक प्यायला येतात होय?"

तिनं किल्ली कमरेला खोचली आणि भाकरी थापायला बसली. मी त्या दिवशी जेवले नाही. कुणाच्या लक्षात आलं नाही असं मला वाटलं. संध्याकाळी माझ्या खोलीत मुगाच्या खिचडीची वाटी झाकून ठेवलेली सापडली. त्यावर तूप जास्तच होतं. त्यातही मला विचारलं नव्हतं.

नवव्या दिवशी दुपारी ती मागच्या वाफ्यात गेली होती. न्हाताना किल्ली काढून ठेवली होती, ती मोरीच्या खिळ्याला तशीच राहिली. मी किल्ली घेतली. तांब्या भरला. कुलूप उघडलं. दुपारचं ऊन पत्र्याच्या फटीतून आत आलं होतं आणि त्या पट्ट्यात ते झाड लटकत होतं, आकसून निम्मं झालेलं. मुळं वाळून सुतळीसारखी झाली होती.

मी तांब्या वर उचलला.

"आत्या, तांब्या खाली ठेवा."

दारात ऊर्मिला. हात चिखलानं भरलेले. वाफ्यातून तशीच पळत आली असावी.

"थोडंसंच घालते."

"खाली ठेवा."

"सासूला हुकूम सोडतेस?"

"हो," ती म्हणाली. "आज सोडते."

मी तांब्या खाली ठेवला नाही, पण ओतलाही नाही. म्हटलं, "तुला ठाऊक होतं."

"काय?"

"उगाच वेड पांघरू नकोस. नळी तू विसरली नव्हतीस."

ती आत आली आणि पोत्यावर बसली. म्हणाली, "मागच्या खिडकीतून दिसतं, आत्या. आंघोळ झाली की आधी तुळस, मग हे. रोज. मामांचं दहावं झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

"मग त्या दिवशी खोटं का बोललीस?"

"मावशी काम सोडून गेल्या असत्या. आणि चार बायांसमोर तुम्ही…" ती थांबली. "मला तर रोजच बोलणी बसतात. एका दिवसानं काय होतं?"

गिऱ्हाइकांना मी काय काय बोलायची! कुणी मेलेलं अडेनियम घेऊन आलं की म्हणायची, पाणी घालून मारलंत ना? एवढी माया होती तर कुत्रं पाळायचं. मी, सुभद्रा बोराटे, तोंडानं हे सांगत होते आणि दोन महिने रोज सकाळी तांब्या ओतत होते. पानं पिवळी पडली तरी ओतला. थंडीत त्याची पानं झडतातच, हे ठाऊक असूनही ओतला.

"बसा, आत्या," ती म्हणाली. मी बसले. तांब्या मांडीवर धरला.

"त्यांना डॉक्टरांनी दिवसाला पाऊण लिटर सांगितलं होतं," मी म्हटलं. "तुला माहीत आहे."

"हो."

"मूत्रपिंडं गेलेली. जास्त पाणी प्याले तर ते छातीत साचतं, म्हणाले. मी बाटलीला काळे दोरे बांधले होते. सकाळचं इथपर्यंत, दुपारचं इथपर्यंत. शेवटच्या दोऱ्याखाली दिवसभरात जायचं नाही."

"हो, आत्या."

"चार महिने मागितलं त्यांनी. सुभद्रे, घोटभर. सुभद्रे, नुसती चूळ भरू दे. मी नाही म्हटलं. चूळ भरता भरता गिळतील म्हणून तेही नाही. बायका म्हणायच्या, काय खंबीर आहे. मलाही बरं वाटायचं ऐकून." मी मांडीवरचा तांब्या घट्ट धरला. "शेवटच्या दिवशी दुपारी मागितलं. मी बाटली दाखवली. म्हटलं, दुपारचं संपलंय, आता दिवे लागल्यावर. आणि मी रोपवाटिकेत गेले. दिवे लागायच्या आत ते गेले. वैऱ्यालाही आपण पाणी नाही म्हणत नाही, ऊर्मिला. मी त्यांना कोरड्या तोंडानं धाडलं."

वर पाइपाला लुगड्याची पट्टी करकरली.

"कोरड्या तोंडानं नाही गेले मामा," ऊर्मिला म्हणाली.

मी तिच्याकडं पाहिलं.

"मी डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले, मापातलंच पाणी गोठवून खडा द्या, तोंडात जास्त वेळ टिकतो. म्हणून रोज सकाळी तुमच्या बाटलीतून चार चमचे काढून घ्यायची आणि फ्रिजमध्ये ठेवायची. तुम्ही दुपारी खाली गेलात की मी त्यांना खडा द्यायची."

"माझ्या बाटलीतून?"

"दोऱ्याच्या मापातलंच, आत्या. त्याच्या बाहेर थेंब नाही."

"चार महिने?"

"साडेतीन."

"आणि शेवटच्या दिवशी?"

"तुम्ही जिना उतरलात आणि मी दिला. गालात धरून बसले होते. लहान मुलाला लिमलेटची गोळी मिळावी तसे." तिचे ओठ जरा हलले. "म्हणाले, सासूला सांगू नकोस. तिला वाटेल, तिच्या मापात कुणी भेसळ केली."

हे ते बोलणारच. हे त्यांचंच बोलणं होतं, कुणाला बनवता न येणारं.

मला आधी राग आला, हे मी लपवणार नाही. माझ्या घरात, माझ्या नवऱ्याला, माझ्या बाटलीतून, साडेतीन महिने, आणि मला पत्ता नाही. मी म्हटलं, "मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही नको म्हणाला असता."

मी खरंच नको म्हटलं असतं. डॉक्टरांनी स्वतः येऊन सांगितलं असतं तरी नकोच म्हटलं असतं.

ऊर्मिलानं माझ्या मांडीवरचा तांब्या उचलला. मी धरून ठेवला नाही. तिनं त्यातलं पाणी घेऊन हाताचा चिखल धुतला, उरलेलं मला दिलं. "तुम्ही प्या," म्हणाली. "सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नाहीत."

मी प्याले. मग तिनं माझ्यादेखत कुलूप खिळ्याला अडकवून ठेवलं. शेड उघडंच राहिलं.

पंधराव्या दिवशी तिनं झाड खाली उतरवलं. जखमेवर खपली धरली होती, खारकेसारखी कडक. ठोकून पाहिली तर टणक आवाज आला. कुंडीत भरायला तिनं जाड वाळू, विटांचे तुकडे आणि कोळसा घेतला होता, माती नावापुरती. विटा मी फोडून दिल्या. शेवंता वाळू चाळत होती. बाकीच्या बाया चहाला जमल्या होत्या. तेव्हाच बोललेलं बरं होतं, नाही तर माझं धाडस संपलं असतं.

"शेवंता," मी म्हटलं, "नळी कुणी विसरलं नव्हतं. या झाडाला पाणी मी घालत होते."

चाळणी थांबली. सगळ्या बाया माझ्याकडं बघायला लागल्या.

"काय बघता? माणूस चुकत नाही का?"

शेवंता म्हणाली, "अक्का, मला ठाऊक होतं."

"तुलाही?"

"कुंडीखालची फरशी रोज सकाळी कोण पुसत होतं मग?"

म्हणजे अख्ख्या रोपवाटिकेला ठाऊक होतं, आणि मी शहाणी होऊन सगळ्यांना झापत फिरत होते. बाया हसल्या. या वेळी शेवंताही हसली. मी विटा फोडत राहिले, जरा जोरातच.

लावल्यावरही दहा दिवस पाणी नाही. मग एक वाटी. पुढं आठवड्याला एक. ती वाटी घालायचं काम ऊर्मिलानं माझ्याकडं दिलं. कुंडीला काळा दोरा बांधायची गरज नव्हती. माझ्या हाताला आता माप कळलं होतं.

माघ सरला तरी झाड ठोंब्यासारखं उभं होतं. मी नखानं खरवडून बघायची, आत हिरवं आहे की नाही. ऊर्मिला ओरडायची, "आत्या, रोज नखं लावलीत तर त्यानंच मरेल!" होळी झाली. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी कापलेल्या बाजूलाच, अगदी जखमेच्या काठाशी, राघूच्या चोचीएवढं हिरवं टोक दिसलं. दुसरं कुठं नाही, तिथंच. मी कुणाला सांगितलं नाही. आधी डोळे पुसले, चष्मा पुसला आणि पुन्हा बघितलं. मग मनोहरला हाक मारली, तर तो म्हणाला, "ऊर्मिलानं काल संध्याकाळीच दाखवलं मला."

तिनं मला सांगितलं नव्हतं. माझं मला सापडावं म्हणून.

त्याला आता नऊ वर्षं झाली. जखमेच्या जागी खोबणी आहे, हाताची मूठ मावेल एवढी. त्या बाजूनं झाड जास्त फुलतं. गिऱ्हाईक विचारतं, हा आकार कसा दिला? मी म्हणते, सुनेला विचारा.

पण त्या वर्षीची एक गोष्ट सांगायची राहिली. ज्येष्ठात झाडाला एकाच बाजूनं चार फांद्या सुटल्या, लांबलचक, आणि तोल जायला लागला. एका सकाळी मी तुळशीपाशी होते. ऊर्मिला आली आणि हातातली कात्री मागं लपवून उभी राहिली. इतक्या वर्षांत ती अशी उभी राहिलेली मी पाहिली नव्हती.

"आत्या, मामांच्या झाडाची छाटणी करायची होती. चारही फांद्या निम्म्यावर आणाव्या लागतील. म्हटलं, आधी विचारावं."

मी तांब्या ओतून संपवला आणि पालथा घातला.

"आज बरं विचारायला सुचलं," मी म्हटलं. "डबे हलवताना विचारलं नाहीस. माझं लुगडं फाडताना नाही, माझ्या बाटलीला हात घालताना नाही. ते सगळं मला विचारून केलं असतंस, तर ना हे झाड उरलं असतं, ना त्यांच्या तोंडात तो खडा गेला असता. ऐक. तू आगाऊ आहेस, ऊर्मिला. पहिल्या दिवसापासून आगाऊ आहेस. आता माझ्या घरात भलत्या सवयी लावून घेऊ नकोस. आगाऊच राहा. जा, छाट."